शनिवारी न पेटलेली चूल

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. चर्चमधली रविवारची प्रार्थना आटोपली आहे, पण माणसं बसून आहेत. एक धर्माधिकारी कागद उलगडतो आणि खणखणीत आवाजात वाचू लागतो. तुमच्या ओळखीत कोणी शुक्रवारी संध्याकाळी दिव्याला नवी वात घालतं का? शनिवारी धुतलेला सदरा अंगात चढवतं का? मांसावरची चरबी सोलून काढून ते मिठाच्या पाण्यात ठेवतं का? कोंबडी कापण्याआधी सुरीची धार नखावर तपासून बघतं का? सांडलेल्या रक्तावर माती लोटतं का? घरात माणूस गेलं की रांजणातलं पाणी ओतून देतं का? मुलाच्या डोक्यावर हात ठेवताना क्रुसाची खूण करायचं टाळतं का? ठाऊक असून सांगितलं नाही, तर न सांगणाऱ्यालाच धर्माबाहेर टाकलं जाईल.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून स्पेनमध्ये आणि १५३६ नंतर पोर्तुगालमध्ये अशा याद्या गावोगावी वाचल्या गेल्या. त्यातला जवळजवळ प्रत्येक पुरावा स्वयंपाकघरातला, न्हाणीतला किंवा कपड्यांच्या पेटीतला आहे. लपून राहिलेल्या यहुद्यांवर कुमारवयीन मुलांसाठी कादंबरी लिहायची असेल, तर लेखकाने सगळ्यात आधी ही यादी पाठ करावी असं मला मनापासून वाटतं. नाहीतर काय होतं, ते या प्रकारच्या लेखनात वारंवार दिसतं. गोष्ट चितेच्या ज्वाळांपासून सुरू होते, तळघरात सात फाट्यांची दीपमाळ उजळते, दाढीवाले आजोबा हिब्रू पोथी वाचतात आणि दारावर थाप पडते. त्या घरात सकाळी उठून पाणी कोण भरतं, मांस कोण आणतं, मोलकरीण कुठे झोपते, याचा मात्र पत्ता नसतो. घरं पकडली गेली ती बहुतेक त्या मोलकरणीच्या जबानीवर.

चुकीची सुरुवात बहुधा कायद्यापासून होते. इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोही शोधून काढणाऱ्या चर्चच्या न्यायासनाची, सत्ता बाप्तिस्मा झालेल्यांवर चालत होती. बाप्तिस्मा न झालेला यहुदी तिच्या लेखी परधर्मी होता, धर्मद्रोही नव्हे. १४९२ पर्यंत स्पेनमध्ये यहुदी आपापल्या मोहल्ल्यात, आपल्या सिनेगॉगसह, म्हणजे प्रार्थनामंदिरासह, उघडपणे राहत होते. १३९१च्या दंगलींत जिवाच्या भीतीने ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते आणि त्यांची मुलंबाळं, म्हणजे नवख्रिस्ती, त्याच गावात पलीकडच्या गल्लीत राहत. एकाच घराण्यातला एक भाऊ यहुदी आणि दुसरा ख्रिस्ती, असं सर्रास असे. पोपने १४७८ मध्ये या न्यायासनाला परवानगी दिली, १४८१ मध्ये सेव्हिलला पहिली सहा माणसं जाळली गेली, आणि ती या पलीकडच्या गल्लीतली होती. मग ३१ मार्च १४९२ रोजी हद्दपारीच्या फर्मानावर सही झाली. जुन्या पंचांगाप्रमाणे मोजलं तर तो वार शनिवार येतो. जुलैअखेर देश सोडा, नाहीतर ख्रिस्ती व्हा. त्यानंतर स्पेनमध्ये उरलेला प्रत्येक यहुदी कागदोपत्री ख्रिस्तीच होता, आणि म्हणून पकडण्याजोगा होता.

पोर्तुगालची गोष्ट वेगळी आहे, आणि मुलांच्या कादंबरीसाठी मला ती अधिक जवळची वाटते. स्पेनमधून हाकललेले हजारो यहुदी तिथे गेले. राजा मानुएलने १४९६च्या डिसेंबरात त्यांना देश सोडायचा हुकूम दिला, पण एवढे वैद्य, व्यापारी, कारागीर हातचे जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. म्हणून १४९७च्या ईस्टरच्या सुमारास चौदा वर्षांखालची मुलं आईबापांपासून ओढून नेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्यात आला. मुलं परत हवी असतील तर तुम्हीही या, असा तो सौदा होता. पुढे जहाजांची वाट बघत लिस्बनमध्ये गोळा झालेल्या मोठ्यांनाही बळजबरीने बाटवलं गेलं. त्यामुळे इथे जवळजवळ अख्खा समाज एकदम, आपल्या रब्बींसह, म्हणजे धर्मगुरूंसह, आपल्या आठवणींसह ख्रिस्ती झाला. इन्क्विझिशन यायला अजून चाळीसएक वर्षं होती. मधल्या काळात १५०६च्या एप्रिलमध्ये लिस्बनच्या रस्त्यांवर तीन दिवस नवख्रिस्त्यांची कत्तल झाली; तेव्हाच्या लोकांनी मृतांचा आकडा दोन हजारांच्या आसपास सांगितला आहे. लपून कसं राहायचं, हे त्या चाळीस वर्षांत घराघरांनी शिकून घेतलं.

म्हणून आधी साल पक्कं करावं. त्या घरात काय सापडेल, हे सालावरून ठरतं. १५०० मधल्या आजीने सिनेगॉग डोळ्यांनी पाहिलेला आहे. तिला हिब्रू अक्षरं येतात, कदाचित एखादं पुस्तक भिंतीत चिणलेलं आहे. १५४० मधल्या आईने ते फक्त ऐकलेलं आहे. १६०० मधल्या मुलीच्या घरी पुस्तक नाही, सणाला फुंकायचं शिंग नाही, प्रार्थना ठेवायची दारावरची पेटी नाही. सुंता तर कधीच सुटलेली, कारण अंगावरची खूण लपवता येत नाही. पुरुषांच्या हातचा, वस्तू लागणारा, आवाज करणारा धर्म आधी गेला. मागे राहिलं ते बाईच्या हातचं आणि वस्तूशिवाय होण्याजोगं: शुक्रवारचा दिवा, सप्टेंबरातला किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास, वसंतातली बिनखमिराची भाकर, आणि एस्तेर राणीचा उपास.

या शेवटच्या उपासापाशी थोडं थांबावंसं वाटतं. यहुद्यांचा पुरीम हा एरवी गोंगाटाचा, खाण्यापिण्याचा, सोंगं काढण्याचा सण. लपलेल्या घरांत गोंगाट कुठून करणार? त्यांनी सणातली मजा सोडली आणि त्याआधीचा उपास धरला, तोही तीन दिवसांचा. एस्तेर परक्या राजाच्या महालात, आपली जात न सांगता राणी म्हणून राहिली होती. या बायकांना ती आपल्यातलीच वाटली. कॅथलिक शेजारणींचं ऐकून ऐकून त्या तिला ‘संत एस्तेर’ म्हणू लागल्या. खऱ्या यहुदी परंपरेत संत नसतात. पण दोनशे वर्षं दुसऱ्याच्या देवळात गुडघे टेकलेल्या माणसांच्या तोंडी दुसरा कोणता शब्द येणार? कादंबरीत हा शब्द ‘दुरुस्त’ करू नये.

पंचांग नव्हतंच. सप्टेंबरातल्या अमावास्येनंतर नवा चंद्र दिसला की दहा दिवस मोजायचे आणि किप्पूर पाळायचा. मार्चमध्ये चौदा दिवस मोजायचे आणि वल्हांडण, तो बिनखमिराच्या भाकरीचा सण. पुढेपुढे काही गावांत मुद्दाम एकदोन दिवस उशिरा सण करायची रीत पडली, म्हणजे त्या आठवड्यात पाळतीवर असलेले लोक कंटाळून गेलेले असत. कथानक १५८२च्या शरदात असेल तर आणखी एक खाच आहे: त्या वर्षी स्पेन-पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. चंद्र मोजणाऱ्या आजीला त्याने काही फरक पडला नाही, पण तारखा लिहिणाऱ्या लेखकाची तिथे फजिती होते.

आणि एक विलक्षण गोष्ट. पुस्तकं गेली, रब्बी गेले, मग पुढच्या पिढीला यहुदी रीत शिकवली कोणी? आईने, मावशीने, हे तर आहेच. शिवाय ती चर्चमध्ये वाचली जाणारी यादी! वर्षातून एकदा, फुकट, सविस्तर, काय काय करायचं ते सगळं सांगणारी. एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीने ती यादी ऐकताना मनात म्हणावं, ‘रक्तावर माती टाकायची असते होय? आई तर फक्त पाणी टाकते.’ असा प्रसंग लिहायला मिळाला तर कोणता लेखक सोडेल?

नावांकडेही लक्ष असावं. लपलेल्या घरात सारा, दाविद, राहेल नसतात. लेओनोर, बेअत्रीस, दिओगो, इनेस, मानुएल असतात. आडनाव बरेचदा बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याकडून आलेलं असे. मुलीचं नाव सारा ठेवणं म्हणजे दारावर पाटी लावण्यासारखं होतं.

आता चूल. शनिवार म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, पण गरम जेवायचं आहे. त्यावरचा तोडगा म्हणजे अदाफिना. गुरुवारी रात्री काबुली चणे भिजत घालायचे. शुक्रवारी दुपारी ऑलिव्हच्या तेलात कांदा परतायचा, त्यावर चरबी काढलेलं, मिठाच्या पाण्यातून काढून धुतलेलं मेंढीचं मांस, मग चणे, जिरं, धणे, आणि सालासकट अख्खी अंडी. पाणी चण्यांच्या वर चार बोटं. एक उकळी आली की मातीच्या भांड्यावर झाकण बसवायचं आणि सूर्य मावळायच्या आत ते निखाऱ्यांच्या राखेत पुरायचं. झाकणावरही थोडे निखारे. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडेपर्यंत अंड्यांचा पांढरा भाग तपकिरी झालेला असतो आणि चणे बोटाने चिरडतात. बिघडतं कुठे? निखारे जास्त झाले तर खालचा थर करपतो, आणि वास गल्लीभर जातो. कमी पडले तर चणे कच्चे, आणि शब्बाथला पुन्हा विस्तव करता येत नाही. भांडं नेहमीचंच, पण शनिवारी चुलीशी कोणी का जात नाही, हा प्रश्न मोलकरणीला पडतो. आणि तेल! शेजारपाजारी डुकराच्या चरबीत स्वयंपाक करत असताना या घरातून तेलात परतलेल्या कांद्या-लसणाचा वास येई. त्या काळातल्या एका स्पॅनिश पाद्री-बखरकाराने या वासावर त्वेषाने लिहून ठेवलं आहे. वाचताना त्याच्या द्वेषाची शिसारी येते. पण घरातला तेलाचा वास त्यानेच आपल्यापर्यंत पोहोचवला आहे, हेही खरं. या पानावर बटाटा, टोमॅटो किंवा मिरची मात्र चुकूनही येऊ देऊ नये. १४९२ साली कोलंबसाचं जहाज नुकतंच निघालं होतं.

सेव्हिलच्या एका अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली जाते: भर थंडीत शनिवारी सकाळी त्याने उंचावर उभं राहून शहराच्या छपरांकडे बोट दाखवलं आणि ज्या धुराड्यातून धूर येत नव्हता ती घरं मोजून दाखवली. ही आख्यायिका म्हणूनच वापरावी. तशीच आख्यायिका पोर्तुगालच्या अल्येइरा या सॉसेजची. डुकराऐवजी कोंबडीचं मांस आणि पाव भरलेलं ते सॉसेज यहुद्यांनी शेजाऱ्यांना फसवायला काढलं, असं तिथले हॉटेलवाले आवडीने सांगतात. गोष्ट गोड आहे. इतिहास म्हणून छापण्याइतका पुरावा तिच्यामागे नाही, आणि मुलांच्या पुस्तकात तर अशा गोष्टी जास्तच जपून वापराव्यात. मुलं ते आयुष्यभर खरं मानतात.

कागदोपत्री मिळणाऱ्या खऱ्या युक्त्या त्याहून चटका लावणाऱ्या आहेत. शनिवारी काम करायचं नाही, पण कोणी डोकावलं तर? म्हणून बाया मांडीवर चाती आणि लोकर घेऊन बसत. पाऊल वाजलं की चाती फिरे, पाऊल गेलं की थांबे. उपासाच्या दिवशी जेवणाच्या वेळेला नवराबायको मुद्दाम भांडण काढत. रागाने दोघंही ताटावरून उठत, आणि मोलकरणीला वाटे, भांडले म्हणून जेवले नाहीत. रिकाम्या ताटल्यांना तेल-रस्सा फासून त्या घासायला टाकत. पुरुष दातकोरणी तोंडात धरून रस्त्यावर फिरत, जेवून आल्यासारखे. बारा-तेरा वर्षांची मुलगी दर उपासाला हे भांडण पाहते आणि तिला वाटतं, आईबाबांचं पटत नाही. खरं कारण कळतं त्या दिवशी तिचं सगळं बालपण मागे जाऊन पुन्हा उलगडतं. कुमारकादंबरीला याहून वेगळं कथानक शोधत हिंडायची गरज नाही.

कारण मुलांना सांगत नसत. सहा वर्षांचं पोर अंगणात काय बोलेल त्याचा नेम नाही. साधारण बारा-चौदाच्या सुमारास, मूल गुपित पेलू शकेल असं वाटलं की, आई किंवा मावशी, पुष्कळदा किप्पूरच्याच दिवशी, त्याला बाजूला नेऊन सांगे. तोवर ते मूल मनापासून कॅथलिक असे. मेरीच्या मूर्तीपुढे खरीखुरी फुलं वाहिलेली, पाद्रीबाबांवर जीव असलेलं, पहिल्या कम्युनियनची वाट पाहिलेलं. बहुतेक लेखक हे टाळतात, आणि मला ते अप्रामाणिक वाटतं. पहिल्या पानापासून छातीठोक यहुदी असलेली नायिका लिहायला सोपी, पण तशी मुलगी त्या घरांत क्वचितच होती. खरी मुलगी गुपित कळल्यावर रात्रभर घाबरलेली असते: आई नरकात जाईल का? की मी? तिने कबुलीच्या खिडकीशी जाऊन हे सांगायचं की नाही? आणि ज्या वयात घरी गुपित सांगितलं जाई, त्याच वयात न्यायासनाचेही दरवाजे उघडत. मुलीला बारा आणि मुलाला चौदा पूर्ण झाली, की जाहीरपणे धर्मद्रोहाचा त्याग वदवून घेता येत असे.

इनेस नावाची एक मुलगी होती, स्पेनमधल्या एर्रेरा गावातल्या चामड्याचं काम करणाऱ्या एका नवख्रिस्त्याची. १४९९ च्या सुमारास, जेमतेम बारा वर्षांची असताना, मेलेली आई आपल्याला स्वर्गात घेऊन गेली आणि जाळलेली माणसं तिथे सोन्याच्या आसनांवर बसलेली दिसली, असं ती सांगू लागली. आजूबाजूच्या गावांतल्या मुलीही सोमवार-गुरुवारचे उपास धरू लागल्या. १५०० साली तिला जाळलं. तिच्यावर लिहिताना तिला चमत्कारी संत करू नये आणि वेडीही ठरवू नये. आई गेलेली मुलगी होती ती.

मेक्सिकोतला लुईस दे कार्वाखाल थोडा मोठा, विशीतला. तुरुंगात दुसऱ्या कोठड्यांत त्याच्या बहिणी होत्या. त्याने अव्होकाडोच्या कोयीवर अक्षरं कोरून, फळात लपवून त्यांना निरोप पाठवले. ते निरोप पहारेकऱ्यांच्या हाती लागले. मग त्याला हेतुपुरस्सर कागद-शाई देण्यात आली, आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक पत्र पुरावा म्हणून फाइलीत गेलं. ८ डिसेंबर १५९६ रोजी तो, त्याची आई आणि तीन बहिणी एकाच दिवशी चितेवर गेली.

खटला कसा चाले, हे समजल्याशिवाय तुरुंगाचं प्रकरण लिहायला बसू नये. अटक झाली की त्याच दिवशी लेखनिक घरातल्या वस्तूंची यादी करी: दोन पितळी दिवे, एक चादर, अर्धा रांजण तेल. मालमत्ता जप्त, आणि कैद्याच्या जेवणाचा खर्च त्यातूनच. आरोप काय, साक्षीदार कोण, हे सांगत नसत. ‘तुला का आणलं ते तुला ठाऊक आहे का?’ असं विचारत. मग वंशावळ, मग ‘आमच्या पित्या’ आणि ‘नमो मारिया’ म्हणून दाखवणं, मग आपल्या आयुष्याची हकिकत. तीनदा समज दिली जाई. आरोप वाचले तरी ‘अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीसमोर’ एवढंच. बचाव म्हणजे, आपल्यावर कोणाचा डूख असेल त्यांची नावं कारणांसकट स्वतः आठवून द्यायची. नाव बरोबर निघालं तर ती साक्ष कमकुवत होई. त्या याद्या वाचाव्यात! कोंबडीवरून झालेलं भांडण, मोडलेली सोयरीक, न फेडलेलं उसनं, अख्खं गाव त्यात सापडतं. लिस्बन, एव्हरा आणि कोइंब्रा इथल्या न्यायासनांच्या सुमारे चाळीस हजार फाइली लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. जुनं वळण वाचायला महिनाभर तरी डोळे घालावे लागतात. पण एक फाइल पूर्ण वाचणं दहा कादंबऱ्या वाचण्यापेक्षा उपयोगाचं आहे.

सगळ्यात क्रूर नियम कबुलीचा होता. गुन्हा कबूल करून चालत नसे. सोबत कोण होतं ते सगळं सांगावं लागे. आईचं नाव आधीच दुसऱ्या साक्षीत आलेलं आहे आणि मुलीने ते घेतलं नाही, तर कबुली ‘अपुरी’ ठरे. अपुऱ्या कबुलीला चितेची शिक्षा होऊ शकत असे. आईचं नाव घेतलं तर कदाचित आपण वाचू, नाही घेतलं तर आपण जाऊ, आणि आईने काय सांगितलंय ते माहीत नाही. यातून बाहेर आलेल्या माणसांना भित्री किंवा फितूर म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मुलांच्या पुस्तकात फितुरी करणारं पात्र लागतंच असा एक समज आहे. या विषयात तरी ते पात्र नायिकाच असू द्यावं.

यातनांविषयी लोक विचारतात, बारा-चौदाच्या वाचकांना किती दाखवायचं? माझं मत असं की दोरी दाखवू नये, लेखनिक दाखवावा. यातनागृहात वैद्य हजर असे आणि लेखनिकही, आणि तो प्रत्येक उद्गार लिहून घेई, अगदी ‘आई गं’सुद्धा. वाचकाला त्या लेखणीचा आवाज पुरतो. आणि चोवीस तासांनी कैद्याला दुसऱ्या खोलीत आणून तीच कबुली पुन्हा वदवून घेत, ‘कोणत्याही बळजबरीविना’ असा शेरा मारून.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर ते थेट आपल्या किनाऱ्यावर आलेलं आहे. गार्सिया द ओर्ता हा कास्तेलो द विदेचा नवख्रिस्ती वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. इथल्या औषधींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबईचं बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं होतं, पण तो १५६८ मध्ये अंथरुणात मेला. त्याची बहीण कातारीना हिला पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात जाळलं. घरच्यांच्या जबान्यांतून त्याचंही नाव आलं, आणि १५८०च्या डिसेंबरात त्याची हाडं उकरून जाळली गेली. गोव्यातल्या न्यायासनाची बहुतेक कागदपत्रं १८१२ मध्ये ते बंद झाल्यावर नष्ट करण्यात आली, म्हणून इथल्या घरांविषयी लिहिणं लिस्बनच्या घरांपेक्षा कठीण.

पुढे गोव्यातल्या ‘व्हडलें घर’ म्हटल्या जाणाऱ्या न्यायासनाच्या वाड्यात मुख्यतः आणली गेली ती बाटलेली हिंदू माणसं. आणि यादी? ती तीच पद्धत. १७३६च्या फर्मानात नवख्रिस्त्यांना अंगणात तुळस लावायला मनाई आहे, आणि भात मीठ न घालता शिजवायलाही. मीठ वरून घेतलं की तो पुरावा! मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या प्रत्येक घरी भात असाच होतो. लिस्बनमधल्या चण्यांच्या भांड्यापासून गोव्याच्या सासष्टीतल्या भाताच्या तपेल्यापर्यंत तीच नजर फिरत आली. या गोष्टीतून आजच्या गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे बोट दाखवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तपासली गेलेली तपेली त्यांच्याच पणज्यांची होती.

आणि याच किनाऱ्यावर, अलिबागच्या आसपास, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचलेल्यांपासून आपण झालो, अशी त्यांची परंपरा. पोथ्या समुद्रात गेल्या. शमा ही प्रार्थना, सुंता, शनिवार आणि खायला चालेल तीच मासळी निवडण्याची रीत राहिली. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं: शनिवार तेली. बस, एवढंच. अलिबागच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या तटाआड पोर्तुगीज ठाणं होतं, गोव्याच्या न्यायासनाच्या अमलाखालचं. तटाच्या आत शनिवारी स्वच्छ सदरा घातला तर लेखनिक येई.

ही कादंबरी मराठीतच लिहिली जाऊ शकते, आणि ती कोणीतरी लिहावी. साल १५७० नंतरचं. रेवदंड्याच्या तटाआड वाढलेली तेरा वर्षांची लेओनोर, बाजारातली मराठी तोंडी बसलेली. दोन महिन्यांपूर्वी आईने तिला ते सांगितलं आहे. आज शनिवार, आणि आईने तिला मुद्दाम तेल आणायला बाहेर धाडलं आहे, चारचौघांत खरेदी करताना दिसावी म्हणून. सोबत मोलकरीण. वेशीबाहेरच्या तेल्याच्या अंगणात बैल मोकळा उभा आहे, रवंथ करत. उंबऱ्यात धुतलेलं लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली आहे, हात रिकामे, मांडीवर चाती नाही.

“आज घाणा बंद, बाय. शनवार हाय ना.”

“शनिवारी बंद? का?”

“आमच्यात शनवारी जुंपत नाहीत. उद्या ये.”

रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीही वळून पाहिलं नाही. मुलगी रिकामा बुधला घेऊन घरी येते. आई स्वयंपाकघरातून विचारते, तेल कुठे? आणि मोलकरीण अजून दारातच उभी आहे.